बाळाचे पहिले वस्त्र

घरात मूल जन्माला येणार असे कळले, की भारतातील बहुतेक घरांत जुन्या कपड्यांचे गाठोडे सोडले जाते. महाराष्ट्रात आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी निघतात आणि आजोबांच्या धोतराचे लंगोट होतात. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने त्यांची कांथा शिवली जाते, तर बिहारमध्ये अशाच रीतीने नवजात अर्भकासाठी सुजनी तयार होते. कित्येक घरांत पहिले काही दिवस कोऱ्या कापडाचा स्पर्शही बाळाला होऊ देत नाहीत. या रीतीमागे काटकसर आहे, वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाची भावना आहे; परंतु त्याखेरीज आणखी एक गोष्ट तिच्यात दडलेली आहे. शेकडो वेळा पाण्यातून निघालेल्या कापडात खळ, रंग वा रसायन यांपैकी धुऊन जाण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

आज बाजारात बाळाच्या कपड्यांवर ‘सेंद्रिय’, ‘नैसर्गिक’, ‘शंभर टक्के शुद्ध’ अशी नाना विशेषणे छापलेली दिसतात. किंमतही त्या मानाने चढी असते. ही विशेषणे नेमके काय सांगतात, आणि ती न परवडणाऱ्या आईने आपल्या बाळाला सुरक्षित वस्त्र कसे द्यावे, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

बाळाची त्वचा

त्वचा ही शरीराची तटबंदी होय. तिच्या सर्वांत बाहेरच्या बाजूस चपट्या, निर्जीव पेशींचा एक थर असतो. तो आतील ओलावा बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरील द्रव्ये सहसा आत येऊ देत नाही. अर्भकाच्या शरीरावरील हा थर प्रौढाच्या मानाने सुमारे तीस टक्क्यांनी पातळ असतो. जन्माच्या वेळी त्वचेचा पृष्ठभाग जवळजवळ उदासीन असतो. जंतूंना आळा घालणारी सौम्य आम्लता त्याला पुढील काही दिवसांत व आठवड्यांत हळूहळू प्राप्त होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. शरीर जितके लहान, तितके वजनाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ अधिक, हा भूमितीचा नियम आहे. नवजात अर्भकाच्या दर किलोग्रॅम वजनामागे असणारी त्वचा प्रौढाच्या सुमारे तिप्पट भरते. म्हणजे एखादे द्रव्य त्वचेतून आत शिरू लागले, तर त्याचे वजनाच्या प्रमाणातील ओझे बाळावर कितीतरी अधिक पडते. शिवाय यकृत व मूत्रपिंडे अजून पुरती कामाला लागलेली नसल्यामुळे ते द्रव्य शरीराबाहेर टाकण्यास वेळ लागतो. त्यातच बाळ दिवसाचा बराच काळ ओल्या लंगोटात असते, आणि हाताला येईल ते टोक तोंडात घालून चोखते. प्रौढ माणूस वस्त्र नेसतो. बाळ मात्र एका अर्थी ते चाखतेही.

तीन धडे

वस्त्रामुळे अर्भकास अपाय होऊ शकतो ही केवळ कल्पना नाही. वैद्यकाच्या इतिहासात तिची स्पष्ट प्रमाणे आहेत.

१८८६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात एक विलक्षण वृत्तांत प्रसिद्ध झाला. काही नवजात अर्भके एकाएकी निळी पडली होती. त्यांना हृदयविकार नव्हता, की श्वसनाचा रोग नव्हता. शोध घेता असे आढळले, की त्यांच्या लंगोटांवर ओळखीसाठी अनिलीनयुक्त शाईचे शिक्के मारलेले होते. शिक्के ताजे होते आणि कापड धुतलेले नव्हते. ओलाव्याने शाई सुटली, त्वचेतून अनिलीन रक्तात गेले आणि त्याने हीमोग्लोबिनचे रूप बदलून त्याची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेतली. हा बिघाड दुरुस्त करणारे विकर अर्भकाच्या रक्तात कमी असते. म्हणून जी मात्रा मोठ्यांनी सहज पचवली असती, तिने बाळे निळी पडली. शिक्का मारलेले कापड धुऊन मगच वापरणे, एवढ्या साध्या उपायाने हे संकट टळण्यासारखे होते.

दुसरी घटना १९६७ सालची, अमेरिकेतील सेंट लुईस येथील आहे. नवजात अर्भकांच्या एका कक्षातील बाळांना दरदरून घाम सुटू लागला, ताप चढला, श्वास व नाडी जलद झाली. नऊ बाळे गंभीर आजारी पडली आणि त्यांपैकी दोन दगावली. कारण सापडले ते परीटखान्यात. लंगोट व चादरी यांना बुरशी लागू नये म्हणून धुताना जे द्रव्य वापरले जात होते, त्यात पेंटाक्लोरोफिनॉलचा क्षार होता. त्याचा अंश कापडात राहिला व तेथून बाळांच्या अंगात भिनला. कापड डोळ्यांना स्वच्छ दिसत होते. पण स्वच्छ दिसणे आणि निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा धडा सद्हेतूच्या चुकीचा आहे. मुलांचे रात्रीचे कपडे पेट घेऊ नयेत म्हणून अमेरिकेत १९७१ पासून कडक नियम करण्यात आले. त्यांची पूर्तता करण्यासाठी अनेक उत्पादक कापडावर ‘ट्रिस’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे ब्रोमीनयुक्त ज्वलनरोधक चढवू लागले. १९७७ च्या जानेवारीत अर्लीन ब्लम व ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी हे द्रव्य जंतूंच्या आनुवंशिक घटकांत बदल घडविते, असे दाखवून कर्करोगाचा इशारा दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने अशा बालवस्त्रांवर बंदी जाहीर केली. पुढील वर्षी असे कपडे घालणाऱ्या मुलांच्या लघवीत या द्रव्यापासून बनलेला घातक घटक आढळला. १९९६ साली तेथील नियमांत अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांना सूट देण्यात आली. कारण घोळदार नसलेल्या कपड्याखाली हवा खेळत नाही आणि तो सहजी ज्वाळेच्या आवाक्यात येत नाही. जे काम रसायनावर सोपविले होते, ते अखेरीस शिवणीच्या मापाने साधले.

बोंडापासून झबल्यापर्यंत

कापसाचे बोंड आणि दुकानातील झबले यांच्यामध्ये मोठा प्रवास असतो. सरकी काढलेल्या रुईचे सूत काततात. विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. विणलेले कापड क्षाराच्या उकळत्या द्रावणातून काढून त्यातील मेण, तेल व खळ दूर करतात. मग विरंजन करून ते पांढरे करतात, रंगवितात आणि शेवटी त्यास मऊपणा, चकाकी वा सुरकुती न पडण्याचा गुण यावा म्हणून निरनिराळे लेप देतात.

या प्रवासाचा क्रम ध्यानात घेतला, की एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. शेतात फवारलेल्या कीटकनाशकांचा जो अंश रुईवर उरतो, तो क्षाराच्या उकळीत व नंतरच्या धुण्यात बहुतांशी निघून जातो. याउलट रंग व लेप हे सर्वांत शेवटी येतात आणि कापडाबरोबर बाळापर्यंत पोहोचतात. यास्तव बाळाच्या दृष्टीने अधिक जपण्याची जागा शेत नसून गिरणीचे शेवटचे दालन ही होय.

सुरकुती न पडणाऱ्या कापडाचे उदाहरण पाहू. सुती धाग्यातील सेल्युलोजच्या साखळ्या ओलाव्याने एकमेकींवरून सरकतात व वाळताना नव्या जागी धरून बसतात, हीच सुरकुती. फॉर्मल्डिहाइडपासून बनविलेल्या राळेने या साखळ्या एकमेकींना जखडता येतात. परंतु त्या राळेतून फॉर्मल्डिहाइड थोडेथोडे सुटत राहते. त्याने त्वचेस खाज व पुरळ उठते, डोळे चुरचुरतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना मनुष्यात कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांत केली. जपानने १९७३ च्या कायद्याखाली चोवीस महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या कपड्यांत हे द्रव्य जवळजवळ आढळताच कामा नये, असा दंडक घातला. चीनच्या मानकात अर्भकांच्या कापडासाठी किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

रंगांची कथा याहून जुनी आहे. १८९५ साली जर्मन शल्यवैद्य लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होत असल्याचे नोंदविले. अ‍ॅझो वर्गातील काही रंगांचे विघटन होऊन ज्या अमाइन संयुगांची निर्मिती होते, त्यांतील काही कर्करोगकारक आहेत, हे पुढे सिद्ध झाले. १९९४ साली जर्मनीने अशा रंगांनी रंगविलेल्या वस्त्रांवर निर्बंध घातले व त्याचा धक्का भारतीय निर्यातदारांनाही बसला. १९९७ च्या मार्चमध्ये भारत सरकारने ७० अ‍ॅझो रंगांच्या हाताळणीस मनाई केली. युरोपीय संघाने २००२ साली अशा अमाइनांसाठी किलोग्रॅममागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा ठरविली. सर्वच अ‍ॅझो रंग घातक असतात असे नाही. परंतु कोणता रंग कोणता, हे नुसत्या डोळ्यांना कळण्याचा मार्ग नाही.

‘सेंद्रिय’ म्हणजे काय?

या शब्दाचा एक घोटाळा प्रथम दूर केला पाहिजे. रसायनशास्त्रात कार्बनच्या संयुगांना सेंद्रिय संयुगे म्हणतात. त्या अर्थाने अनिलीन सेंद्रिय आहे आणि फॉर्मल्डिहाइडही सेंद्रिय आहे! वस्त्रावरील ‘सेंद्रिय’ हा शब्द त्या अर्थाचा नाही. तो शेतीच्या पद्धतीचा निदर्शक आहे. कृत्रिम खते व कीटकनाशके न वापरता आणि जनुकीय बदल केलेले बियाणे न पेरता पिकविलेला कापूस तो सेंद्रिय कापूस. भारतात २००१ साली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकाच्या जमिनीस पेरणीपूर्वी किमान दोन वर्षांचा रूपांतरकाल पार पाडावा लागतो.

मात्र सेंद्रिय रुई गिरणीत जाऊन अपायकारक रंगात बुडविली गेली, तर तिच्या सेंद्रियपणाचा बाळाला काय उपयोग? हीच उणीव भरून काढण्यासाठी ‘गॉट्स’ या संक्षिप्त नावाचे जागतिक सेंद्रिय वस्त्र मानक २००५ साली तयार झाले. त्यात धाग्याबरोबरच रंग, लेप, सांडपाणी व कामगारांची वागणूक यांवरही अटी आहेत. ‘सेंद्रिय’ ही वरची श्रेणी मिळण्यासाठी निदान ९५ टक्के, तर खालच्या श्रेणीसाठी निदान ७० टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो. १९९२ साली निघालेले ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ हे मानक यापेक्षा वेगळे आहे. ते शेताची चौकशी करीत नाही. तयार मालातील अपायकारक द्रव्ये तपासते, आणि तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना सर्वांत कडक मर्यादा लावते. पहिले मानक वस्त्राचा जन्मवृत्तांत सांगते, दुसरे त्याची प्रकृती.

चिठ्ठी मात्र डोळे मिटून मानू नये. २०२० साली गॉट्सच्या चालकांनीच भारतातील सुमारे २०,००० टन कापसाची प्रमाणपत्रे खोटी असल्याचे उघड केले आणि संबंधित कंपन्यांवर बंदी घातली. म्हणून खऱ्या चिठ्ठीवर केवळ बोधचिन्ह पाहून न थांबता प्रमाणन संस्थेचे नाव व परवाना क्रमांक आहे की नाही, हे पाहावे. तो क्रमांक मानकाच्या जाहीर नोंदीत कोणालाही पडताळता येतो. ज्या कपड्यावर नुसता ‘सेंद्रिय’ हा शब्द आहे आणि क्रमांक नाही, तो विक्रेत्याचा दावा समजावा, पुरावा समजू नये.

मग सेंद्रिय कापसाचा लाभ कोणाला? बाळाला थोडा, परंतु शेतात राबणाऱ्याला पुष्कळ. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. पाठीवर पंप घेऊन उघड्या तोंडाने फवारा मारणाऱ्या त्या माणसाच्या घरीही तान्हे मूल असू शकते. सेंद्रिय वस्त्र घेणारा आपल्या बाळाइतकाच त्या बाळाचाही विचार करीत असतो, असे म्हणता येईल. मात्र जिला हे वस्त्र परवडत नाही, त्या आईने आपण बाळाच्या जिवाशी हयगय करीत आहोत अशी टोचणी मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाबाबतही सावध असावे. मंजिष्ठ, हळद, नीळ हे रंग वनस्पतींचे खरे. पण मंजिष्ठेसारखे रंग कापडावर पक्के बसण्यासाठी रंगबंधक लागतो. तुरटीचा रंगबंधक सौम्य असतो, तर क्रोमियमच्या क्षाराचा विषारी. रंग झाडाचा आहे एवढे ऐकून न थांबता तो कशाने पक्का केला, हेही विचारावे.

निवड व काळजी

साधे, मऊ, पांढरे किंवा फिक्या रंगाचे सुती कापड हे बाळासाठी उत्तम. सामान्य हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. उष्ण प्रदेशात बाळाच्या अंगाचा घाम टिपला जाणे व घामोळे न उठणे या फरकावर अवलंबून असते.

दोन सोप्या कसोट्या घरी किंवा शाळेत करून पाहता येतील. पहिली रंगाची: पांढऱ्या सुती चिंधीला पाणी लावून ती नव्या कपड्यावर वीस वेळा घासावी. चिंधीला रंग लागला, तर तोच रंग बाळाच्या लाळेतही उतरेल. दुसरी लेपाची: कपड्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. सुती म्हणून घेतलेल्या कापडावर थेंब मोत्यासारखा उभा राहिला, तर त्यावर खळ वा लेप आहे असे समजावे. दोन-तीन वेळा धुऊन पुन्हा पाहावे. स्वच्छ सुती कापड थेंब चटकन शोषून घेते. या कसोट्यांनी कापडातील प्रत्येक दोष उघड होत नाही. परंतु जे सुटण्यासारखे आहे, ते कापडात किती उरले आहे याची अटकळ येते.

कोरा कपडा कितीही महागाचा असो, दोन-तीनदा धुतल्यावाचून बाळाला घालू नये. सुटे फॉर्मल्डिहाइड, जादा रंग व खळ यांचा पुष्कळसा भाग यातच जातो. सौम्य साबण वापरावा, भरपूर पाण्यातून खळबळून काढावा आणि कडक उन्हात वाळवावा. सुगंधी मऊकारक द्रव्ये टाळावी.

कपाटातील एका संकटाकडे विशेष लक्ष वेधणे अवश्य आहे. जपून ठेवलेल्या झबल्या-टोपड्यांत आणि लोकरीच्या कपड्यांत डांबरगोळ्या टाकण्याची चाल घरोघर आहे. यांतील पुष्कळ गोळ्या नॅफ्थॅलीनच्या असतात. काही बाळांच्या तांबड्या पेशींत ‘जी-सिक्स-पीडी’ नावाचे विकर जन्मतः कमी असते. अशा बाळाने नॅफ्थॅलीनची वाफ हुंगली, की त्या पेशी भराभर फुटतात व तीव्र कावीळ होते. ती मेंदूपर्यंत पोहोचली तर कायमचे अपंगत्व किंवा मृत्यूही येऊ शकतो. ग्रीसमधील वैद्यांनी १९६३ साली अशा नवजात अर्भकांचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. ही उणीव भारतातही आढळते आणि ती बाळ पाहून ओळखता येत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत या गोळ्या मुळीच ठेवू नयेत. उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे पुरेसे आहे.

शिवणीकडेही पाहावे. गळ्याशी लांब नाडी वा बंद नसावा. तो अडकून गळफास बसतो. बटणे ओढून पाहावीत. सैल बटण तुटून घशात जाते. मोजे उलटे करून आतील सुटे दोरे कापावेत, कारण एखादा धागा बोटाभोवती गुंडाळला जाऊन तेथील रक्तपुरवठा बंद करू शकतो. लंगोट व दुपटे इतके आवळू नये की पाय सरळ जखडले जातील. खुब्याच्या सांध्यांच्या वाढीसाठी ते मोकळेपणाने वाकले पाहिजेत. झोपलेल्या बाळाचे डोके घरात जाड टोपडे वा कुंची घालून झाकून ठेवू नये. त्याला ऊब पुरेशी आहे की नाही, हे हातापायांवरून न पाहता छातीला वा मानेला हात लावून पाहावे.

या सर्व विवेचनाचा मथितार्थ थोडका आहे. बाळाच्या वस्त्राची सुरक्षितता एका शब्दात वा एका चिठ्ठीत सामावलेली नसते. कोणता धागा, कोणता रंग, कोणता लेप, किती धुणे आणि कोठली साठवण, या पाच प्रश्नांच्या उत्तरांत ती असते. त्यांतील पहिल्या तिन्हींसाठी कायदा, प्रयोगशाळा व प्रामाणिक प्रमाणपत्र यांची गरज आहे. अखेरचे दोन प्रत्येक आईच्या हाती आहेत. जुन्या लुगड्याचे दुपटे शिवणाऱ्या आजीला अनिलीन ठाऊक नव्हते, की फॉर्मल्डिहाइडचे नाव तिने ऐकले नव्हते. परंतु बाळाच्या अंगाला लागणारे कापड आधी पाण्याने पारखावे, ही तिची रीत विज्ञानानेही खरी ठरविली आहे.